सुपरहिरोचं आडनाव

पुष्पक एक्सप्रेस सकाळी मुंबई सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौला पोचते. नाव विमानाचं, चाल मात्र साध्या गाडीची. तुम्हाला या प्रवासात काळातही उतरायचं आहे, तेव्हा वरचा बर्थ पकडा, कानात इअरफोन घाला आणि मोबाइलवर २००० सालचा 'एक्स-मेन' लावा.

पहिलंच दृश्य १९४४ च्या पोलंडमधलं. पाऊस, चिखल, आणि छळछावणीच्या दारात आईबापांपासून ओढून काढलेला एक पोरगा, पुढचा मॅग्नेटो. तो हात पुढे करतो आणि लोखंडी फाटक वाकायला लागतं. थोड्याच वेळात तुम्ही अमेरिकेत असता. सिनेटर केली भर सभेत सांगतोय की म्युटंटांची, म्हणजे जन्मानेच अचाट शक्ती मिळालेल्यांची, नोंदणी झालीच पाहिजे. ते कोण आहेत, काय करू शकतात, हे सरकारदरबारी लिहिलेलं हवं. तुम्हाला केलीचा राग येतो. तो यावा अशी सोय दिग्दर्शकाने करून ठेवलेली आहे. तुमच्या गल्लीत निळ्या कातडीची बाई राहत नाही, तेव्हा हा राग तुम्हाला फुकटात पडतो.

मूळ कॉमिक १९६३ चं, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचं. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंगांच्या मोर्चाला अडीच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. काळ्यांच्या हक्कांची गोष्ट म्हणून आज आपण ज्या कॉमिककडे बोट दाखवतो, त्याच्या पहिल्या पाच नायकांत एक पंखवाला होता, एक बर्फाचा होता, एक डोळ्यांतून किरण सोडणारा होता. काळा कोणी नव्हता. स्टॉर्म यायला १९७५ उजाडलं. प्रोफेसर झेवियर म्हणजे किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स ही जुळवणीही नंतरची. ती इतकी पक्की चिकटली की आता कॉलेजच्या निबंधांतही येते.

रात्री झाशी गेली, पहाटे कानपूर गेलं. उन्नावच्या पुढे गाडी सिग्नलला थांबली आहे. उतरा.

पायाखाली खडी नाही. कच्चा रस्ता आहे, अंगाला झोंबणारी थंडी आहे आणि ठाण्यासमोर कंदिलाच्या उजेडात माणसांची रांग आहे. साल १९१२ धरा. मुन्शी तुमचं नाव विचारतो, बापाचं विचारतो, गावाचं विचारतो. जात विचारत नाही, ती रजिस्टरच्या माथ्यावर आधीच लिहिलेली आहे. मग शाई लावून बोटांचे ठसे. ही गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याची भर. शेजारच्या तालुक्यात बहिणीकडे जायचं असेल तर पास काढावा लागेल, आणि रात्री हजेरीला सापडला नाहीत तर तोच गुन्हा.

तुम्ही काय चोरलंत, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टला त्या उत्तराची गरजच नव्हती. सरकारने एखादी जमात राजपत्रात जाहीर केली की तिच्यात जन्मलेलं मूल गुन्हेगार, आणि या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायलाही वाट नाही. हा कायदा सुरुवातीला ज्या प्रांतांत लागू झाला त्यांत अवध होतं, आणि पुढे ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांत पासी समाज होता. शिक्का पुसायला १९५२ यावं लागलं. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण ज्यांनी ऐकून-वाचून माहीत करून घेतलंय, किंवा लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. सिनेटर केलीला सिनेमात जे तडीस नेता आलं नाही ते इथे ऐंशी वर्षं रीतसर, फायलीत, सहीशिक्क्यानिशी चाललं. हॉलिवूडला त्यासाठी निळा रंग लागला. इथे शाईची दौत पुरली.

आता आणखी मागे. १६ नोव्हेंबर १८५७, लखनौ, सिकंदर बाग.

तुम्ही भिंतीच्या आत उभे आहात. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संध्याकाळपर्यंत इथून जिवंत बाहेर पडणारं जवळजवळ कोणी नाही. बाग वाजिद अली शाहाने आपल्या सिकंदर महल या बेगमेसाठी वसवलेली. आत मंडप आहे, मशीद आहे. नवाबाला गादीवरून उतरवून कलकत्त्याला मटियाबुर्जला धाडल्याला दीड वर्षावर काळ लोटला. गादीवर त्याचा लहानगा मुलगा बिरजिस कद्र बसवलाय आणि कारभार बेगम हजरत महलच्या हातात आहे. उंच भिंतीत बंदुकांसाठी भोकं पाडलीत. बाहेर सर कॉलिन कॅम्पबेलची फौज आहे. तिला रेसिडेन्सीत अडकलेल्या गोऱ्यांपर्यंत पोचायचंय, आणि ही बाग तिच्या वाटेत आहे.

तोफा एकाच कोपऱ्यावर आदळत राहतात. वीट सुटते, मग दुसरी, मग धुळीतून आभाळाचा एक तुकडा दिसतो. खिंडार एवढंसं, एका वेळी एकच माणूस वाकून शिरेल असं. तिथून ९३वी हायलँडर आणि चौथी पंजाब पलटण आत घुसते. त्यांच्या तोंडी कानपूरच्या बिबीघरात मारल्या गेलेल्या गोऱ्या बायकामुलांचा सूड आहे. पुढचं मी रंगवून सांगणार नाही. या चार भिंतींत दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले. ब्रिटिश फौजेच्या इतिहासात एका दिवसाच्या कामगिरीसाठी सर्वाधिक व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, ते याच तारखेचे.

तुमची नजर आवारातल्या पिंपळाकडे असू द्या. शेंडा दाट आहे. बुंध्याशी गार पाण्याचे रांजण ठेवलेत. कापाकापी ओसरल्यावर गोरे शिपाई सावलीला आणि पाण्याला इथे येतात, आणि येणाऱ्यांतले काही उठत नाहीत. एका कॅप्टनच्या लक्षात येतं की या मढ्यांच्या जखमा वरून खाली गेलेल्या आहेत. तो वॉलेस नावाच्या शिपायाला हाक मारतो. वॉलेस मान वर करून पानांत शोधतो, नेम धरतो, चाप ओढतो. फांद्या मोडत एक देह खाली येतो. अंगात घट्ट लाल डगला, पायांत गुलाबी रेशमी तुमान. पडताना डगल्याची छाती फाटते आणि बघणाऱ्यांना कळतं की ही बाई आहे. जवळ घोडदळाची जुन्या घाटाची दोन जड पिस्तुलं. कमरेचं एक अजून भरलेलं. काडतुसांची थैली अर्धी शिल्लक. आज सकाळपासून ज्याने स्तोत्र म्हणत म्हणत माणसं मारली, तो वॉलेस आता रडतोय, बाई आहे हे कळलं असतं तर आपण गोळी झाडली नसती म्हणून.

यातलं काही मी पदरचं घातलेलं नाही. सार्जंट विल्यम फोर्ब्स-मिचेल त्या दिवशी तिथे होता आणि १८९३ मध्ये छापलेल्या आठवणींत त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. तिने अर्ध्या डझनाहून अधिक माणसं टिपली, असं तो म्हणतो. लोककथेत हा आकडा तिशीच्या पुढे जातो. विशेष पोशाख, उंचावरची जागा, लपवलेली ओळख आणि शेवटी मुखवटा गळणं, कॉमिकवाल्याला लागतो तो सगळा ऐवज इथे हजर आहे. एक गोष्ट नाही. सार्जंटच्या पुस्तकात तिला नाव नाही. त्याला ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असेल त्यांतलं कोणी विचारण्यासाठी उरलं नव्हतं.

जरा थांबा, डावीकडे बघा. मृतांमध्ये आणखी काही बायका आहेत, आणि त्या आफ्रिकी आहेत. नवाबाच्या पदरी हबशी स्त्रियांची पहारेकरी तुकडी होती. त्याच ९३व्या पलटणीतल्या गॉर्डन-अलेक्झांडर या अधिकाऱ्याने त्या दिवशीच्या मढ्यांत अशा बायका पाहिल्याचं लिहून ठेवलंय. त्यांच्या लढण्याला त्याने जनावराची उपमा दिली. त्यांची नावं त्यानेही दिली नाहीत. मागच्या पिढीत कोणी सांगितलं असतं की अवधच्या बागेत काळ्या बायका इंग्रजांशी लढून मेल्या, तर आपण ती कादंबरी समजलो असतो.

काही महिन्यांनी, १८५८ च्या वसंतात, तुम्ही पुन्हा याच अंगणात उभे राहता. ब्रिटिशांनी आपले मृत पुरले होते, इथले तसेच सोडले. आता फेलिचे बिआतो नावाचा छायाचित्रकार तिपाई लावून बसलाय. मोडका मंडप, पुढे विखुरलेल्या कवट्या, मागे काही माणसं आणि एक घोडा. चित्र उठून दिसावं म्हणून हाडं मुद्दाम बाहेर काढून मांडली होती, असं बरेच अभ्यासक मानतात. तो फोटो आज जगभरच्या पुस्तकांत आहे. त्या हाडांत ती आहे की नाही, हे फोटोवरून कळत नाही.

मग तिचं नाव आलं कुठून? लोकांकडून. अवधच्या पासी समाजाच्या परंपरेत ती उदा देवी आहे. तिचं गाव उजरियाँव, आजच्या गोमतीनगरात गिळलं गेलेलं. तिचा नवरा मक्का पासी ३० जून १८५७ ला चिनहटच्या लढाईत पडला. ती बेगम हजरत महलच्या बायकांच्या पलटणीत गेली आणि नवऱ्याच्या मरणाचा हिशेब तिने त्या पिंपळावरून चुकता केला.

इथे इतिहासाचा काटेकोर विद्यार्थी हात वर करणार. सार्जंटने नाव दिलेलं नाही, पासी म्हटलेलं नाही, झाडावरची बाई हबशीही असू शकेल, मग ती उदा देवीच कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि तो दडपू नये. बद्री नारायण आणि चारू गुप्ता यांनी दलित वीरांगनांच्या कथा कशा घडत गेल्या, कोणत्या पुस्तिकांतून, नाटकांतून, मेळ्यांतून पसरल्या, हे तपशिलाने लिहिलंय. माझं मत विचाराल तर असं आहे. मारणाऱ्याने ज्या देहाला नाव विचारलं नाही, त्याला नाव देण्याचा हक्क त्या अंगणात ज्यांची माणसं कुजली त्यांचा. त्याने कागदी पुरावा तयार होत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवता येत नसतील तर काळात हिंडू नये.

पुढची उडी लांबची आहे. २५ एप्रिल १९४८. लखनौ उन्हाने भाजून निघालंय. तुम्ही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या सभेत गर्दीत दाटीवाटीने बसला आहात. एवढ्या जमावात मराठी बोलणारे तुम्ही एकटेच, असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की व्यासपीठावर आणखी एकजण आहेत. देशाचे कायदेमंत्री. दहाच दिवसांपूर्वी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचं लग्न झालंय. तब्येत तोळामासा आहे, आवाजात ते जाणवत नाही. बाबासाहेब सांगताहेत की अनुसूचित जाती आणि मागासवर्ग एकत्र आले तर राज्य हाती घेऊ शकतात, आणि राजकीय सत्ता हीच सगळी कुलपं उघडणारी किल्ली आहे.

आजूबाजूला बघा. कोणी उडत नाही, कोणाच्या बोटांतून ठिणग्या निघत नाहीत. इथे आहेत वर्गणीच्या पावत्या, ठराव, जिल्हावार प्रतिनिधींच्या याद्या, आणि रात्रीच्या पॅसेंजरने परत जाणारी माणसं. हक्कांच्या लढ्याचं रूपक म्हणून सुपरहिरोचा सिनेमा सगळ्यात कमी पडतो तो इथे. त्याला सभा दाखवता येत नाही. मॅग्नेटो फाटक वाकवतो, ते पडद्यावर छान दिसतं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम स्वीकारलं. त्याचं दृश्य म्हणजे बाकांवर बसलेली माणसं आणि वर झालेले हात. तिकीट काढून ते बघायला कोण येणार?

रूपकाला मी सरसकट हिणवत नाही. कधी कधी दुसरा रस्ताच नसतो. साठच्या दशकातल्या लखनौत जाऊन बघा. सआदतगंजात चंद्रिकाप्रसाद जिज्ञासू आपल्या बहुजन कल्याण प्रकाशनाची पुस्तकं काढताहेत. कागद स्वस्त, किंमत बेताची, आणि वाचक असा की ज्याच्या घरात हे पहिलंच पुस्तक. त्यांच्या आधी कानपूरच्या स्वामी अछूतानंदांनी शंबूकाला नाटकात उभं केलं होतं. शंबूक हाच त्या वेळचा आपला एक्स-मॅन म्हणायचा. जन्माने ठरलेली मर्यादा त्याने ओलांडली आणि राज्याने त्याला मारलं. 'आमच्यावर अन्याय होतो' हे सरळ बोलायची जागा नसते तेव्हा माणसं पुराणातलं पात्र पुढे करतात. तरी सुटका नाहीच. पेरियारांच्या रामायणावरच्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद ललईसिंह यादवांनी 'सच्ची रामायण' म्हणून काढला, तर उत्तर प्रदेश सरकारने १९६९ मध्ये तो जप्त केला. १९७१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने जप्ती रद्द केली, आणि १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील फेटाळलं. सात वर्षं एका पुस्तकासाठी.

लखनौच्या या गोष्टीत मध्येच पुणं येतं, आणि ते महाराष्ट्रात पुरेसं सांगितलं जात नाही. संरक्षण खात्याच्या पुण्यातल्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत पंजाबहून आलेला एक तरुण शास्त्रीय सहायक काम करत होता. तिथे बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या कामगाराने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि नोकरीवर गदा ओढवून घेतली. ते पाहून हा तरुण हलला. डी. के. खापर्डे यांनी त्याच्या हातात बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ठेवलं. हा तरुण म्हणजे कांशीराम. फुले, शाहू, आंबेडकर ही नावं त्यांनी महाराष्ट्रातून उचलली आणि उत्तरेला नेली. तिकडे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथल्या माणसाला इथलंही कोणीतरी लागेल. मग सभांच्या व्यासपीठांवर उदा देवी आली, झाशीची झलकारीबाई कोरी आली, अवंतीबाई लोधी आली. झलकारीबाई तर राणी लक्ष्मीबाईच्या वेशात शत्रूला सामोरी गेली असं परंपरा सांगते. म्हणजे मुखवट्याची गोष्ट तिथेही आहे, फक्त तिथे मुखवटा राणीचा आणि चेहरा कोऱ्याच्या घरातला. लखनौच्या हजरतगंजात बायकांचं सरकारी इस्पितळ आज तिच्या नावाने आहे.

सप्टेंबर १९९५ च्या लखनौत उतरा. जूनमध्ये कांशीरामांच्या पक्षाच्या मायावती मुख्यमंत्री झाल्यात आणि १८ व १९ तारखेला पेरियार मेळा भरलाय. पाठिंबा देणाऱ्या भाजपला तो गिळता येत नाही. पटांगणात पुस्तिकांचे गठ्ठे, कॅसेटांचे स्टॉल, निळी निशाणं, आणि बाहेरगावाहून बसच्या टपावर बसून आलेली माणसं. अशा मेळ्यांतल्या एखाद्या स्टॉलवर उदा देवीचं चित्र बघा. साडीचा काचा मारलाय, हातात बंदूक आहे, मागे पिंपळ आहे. सार्जंटचा लाल डगला आणि रेशमी तुमान गेली. लोकांनी तिला नाव दिलं, तसे स्वतःच्या बायकांचे कपडेही दिले. मला हा बदल पुराव्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि पुराव्याची चाड असणाऱ्यांनी त्याबद्दल माझ्याशी खुशाल भांडावं.

अर्थात नायिका लोकप्रिय झाली की तिचे हक्क विकत घ्यायला सगळे येतात. मायावतींच्या प्रचारात त्यांना थेट या वीरांगनांच्या वारशात बसवलं गेलं. आज उदा देवीच्या पुतळ्याला हार घालायला प्रत्येक पक्षाचा नेता येतो. उत्तर प्रदेश सरकारने सशस्त्र पोलिसांच्या तीन महिला बटालियनांना उदा देवी, झलकारीबाई आणि अवंतीबाईची नावं दिली. ज्या समाजाची हजेरी एकेकाळी ठाण्यात लागायची, त्याच्या नायिकेच्या नावाने आता पोलीस कवायत करतात. हा विजय की वसुली, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही वाटतं.

जानेवारी २०१२ चुकवू नका. दाट धुकं, बोटं बधिर. गोमतीनगरात, उजरियाँवच्याच बाजूला, लाल दगडाचं आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थळ आहे, शंभर एकरांच्या वर पसरलेलं. आत हत्तींची रांग आहे, आणि मजूर शिड्या लावून त्या हत्तींना गुंडाळताहेत. निवडणूक आयोगाने हुकूम काढलाय की विधानसभेची निवडणूक होईपर्यंत हत्ती आणि मायावतींचे पुतळे झाका, कारण हत्ती हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह आहे. नियम म्हणून आयोग चुकीचा नव्हता. पण दृश्य बघा. सुपरहिरो आपला मुखवटा स्वतः घालतो. इथे दगडालाही सरकारी हुकमाने घातला. गंमत अशी की झाकलेला हत्ती लांबूनही हत्तीच दिसत होता. त्याच वर्षी सरकार बदललं. लखनौच्या मेडिकल युनिव्हर्सिटीला दिलेलं छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव गेलं आणि किंग जॉर्जचं परत आलं. कोल्हापूरकरांनी याची फारशी दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

आता फेब्रुवारी २०१८. लखनौच्या एका मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही 'ब्लॅक पँथर' बघताय. लंडनच्या संग्रहालयात किलमाँगर काचेपलीकडच्या आफ्रिकी वस्तूंकडे बघत क्युरेटरबाईला विचारतो की तुमच्या पूर्वजांनी या वस्तू रास्त भावात विकत घेतल्या असं वाटतं का? मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात. त्यांच्या शहरातही लूट झाली होती, १८५८ मध्ये, कैसरबाग लुटली गेली तेव्हा. मग पडद्यावर डोरा मिलाजे येतात, लाल पोशाखातल्या, डोकं तासलेल्या, राजाच्या अंगरक्षक काळ्या बायका. सिनेमावाल्यांनी त्यांच्यासाठी आफ्रिकेतल्या डाहोमीच्या स्त्री-सैनिकांकडे पाहिलं. ज्या खुर्चीत तुम्ही बसला आहात तिथून काही मिनिटांवर लाल डगला घातलेली एक बाई झाडावरून पडली होती आणि राजाच्या हबशी पहारेकरणी मेल्या होत्या, हे त्या प्रेक्षागृहात किती जणांना ठाऊक असेल?

'ब्लॅक पँथर'ने एक धाडस केलं, जे १९६३ च्या एक्स-मेनने केलं नव्हतं. त्याने काळ्या माणसाच्या जागी पंखवाला ठेवला नाही. नायक काळा, खलनायक काळा, आणि त्यांचं भांडणही काळ्या माणसांनी काय करावं याबद्दलचं. रूपकाने आपलं नाव सांगितलं की त्याची ताकद कमी होत नाही, हे त्या सिनेमाच्या गल्ल्याने सिद्ध केलं.

आपल्याकडे काय चाललंय? दूरदर्शनवर १९९७ पासून आपल्या सगळ्यांवर राज्य करणारा शक्तिमान फिरकी थांबली की पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री व्हायचा. २००६ चा क्रिश हा कृष्णा मेहरा. २०११ च्या 'रा.वन'मधला जी.वन चेहरा घेतो तो शेखर सुब्रमण्यमचा. जगातल्या कोणत्याही ताकदीने हे उडू शकतात, आडनावाच्या भिंतीवरून मात्र उडी मारत नाहीत. मल्याळममध्ये जरा हवा खेळते. २०२१ च्या 'मिन्नल मुरली'चा नायक गावातला शिंपी आहे आणि त्याचा खलनायक गावाने वाळीत टाकलेला माणूस. २०२५ च्या 'लोका'ची नायिका केरळच्या लोककथेतली नीली आहे, जिच्या माणसांवर राजाने केलेल्या अत्याचारातून तिची गोष्ट सुरू होते. हिंदीतल्या निर्मात्याला जातीवरचा सिनेमा करायला सांगितलं की तो गंभीर चेहरा करून पुरस्कारांचा सिनेमा काढतो. उडणारा, हसवणारा, पोरांच्या दप्तरावर छापला जाणारा नायक पासी किंवा कोरी असू शकतो, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. मराठीलाही यातून सूट नाही. ज्या भाषेने 'फँड्री'तल्या जब्याच्या हातात दगड दिला, तिने त्याच्या हातात अजून गदा दिलेली नाही.

लखनौला जाणारच असाल तर इमामबाडे आणि कबाब यांच्यासोबत सिकंदर बागेला अर्धा तास द्या. राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या आवाराला लागून जुनं प्रवेशद्वार उभं आहे, भोवती रहदारीचा चौक आहे, आणि बाहेर बंदूक घेतलेल्या उदा देवीचा पुतळा आहे. शक्यतो १६ नोव्हेंबर गाठा. त्या दिवशी पासी समाजाची माणसं तिथे येतात, आणि कोणाला न विचारताही तुम्हाला तिचं पूर्ण नाव ऐकायला मिळतं, आडनावासकट.